बिजागरीला तेल घालू नये

मी, खाली सही करणारा, वय सत्तरीच्या पुढे, धंदा स्नूकरचा हॉल चालवणे, राहणार त्याच हॉलच्या वरच्या मजल्यावर, हा कागद आज राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मेहुण्याला तो पटलेला नाही, पण कायदा त्याचं मत विचारत नाही. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही, की काही पाजलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलं नाही, कारण यापूर्वी मरायचा विचार नव्हता. विचार आताही नाही. पण माझ्या हृदयाचा आलेख पाहून डॉक्टरांनी जो चेहरा केला, तो मी ओळखतो. काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन थबकला की खेळाडू तसाच चेहरा करतो.

वकिलांनी सुरुवातीलाच बजावलं की ज्याला या कागदाने काही मिळणार असेल, त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली, तर त्याचा हिस्सा बुडाला. म्हणजे ज्यांना मी काहीच देत नाही अशी दोन माणसं शोधणं आलं. एक स्वतः डॉक्टरच मिळाले. त्यांना माझ्याकडून जे मिळायचं ते तपासणीच्या वेळी मिळतंच. दुसरा खालचा टायरवाला.

कलम एक. राहतं घर माझ्या पत्नीचं, ती आहे तोवर. कोणाला ठेवायचं आणि कोणाला हाकलायचं हे तिने ठरवावं; तसं ते आताही तीच ठरवते. तिची इस्त्रीही तिला परत करतो. स्नूकरच्या टेबलाचं कापड घासून झालं की त्यावर इस्त्री फिरवावी लागते, नाहीतर बॉल रेंगाळतो. हॉल उघडला तेव्हा टेबलाची इस्त्री घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मी हिची एका दिवसापुरती नेली. तो दिवस अजून मावळलेला नाही. मी घराबाहेर पडताना प्रत्येक वेळी ती माझ्या चुरगळलेल्या शर्टाकडे बघते आणि गप्प बसते. त्या गप्प बसण्याबद्दल मी तिचा आभारी आहे आणि थोडा घाबरूनही आहे.

कलम दोन. बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. आकडा ऐकून कोणी नाचू नये आणि रडूही नये.

कलम तीन. माझी शिडी टायरवाल्याला दिली असं समजावं. ती बरीच वर्षं त्याच्याकडेच आहे. मागायला गेलं की तो चहा पाजतो आणि विषय बदलतो.

कलम चार. भिंतीवरची ‘कृपया शांतता राखा’ ही काचेची पाटी अकादमीच्या प्रशिक्षकांना परत द्यावी. ती त्यांनीच आम्हाला भेट म्हणून दिली होती. त्यांनी ती आपल्या घरी, जिभेला दिसेल अशा जागी लावावी. हे प्रशिक्षक कोण आणि माझ्या डोक्यात का बसलेत, ते पुढे येईल.

कलम पाच. हॉल आणि त्यातली पहिली चार टेबलं मुलाला. मुलगा चांगला आहे. मला वेळेवर गोळ्या आणून देतो आणि फुकट उपदेशही देतो. त्याला हॉल काढून तिथे व्यायामशाळा करायची आहे. त्याचं म्हणणं, लोक आता घाम गाळायला पैसे देतात, अर्धा तास वाकून उभं राहायला देत नाहीत. त्याचं चुकतं असंही नाही. करायची तर त्याने करावी, मी वर जाऊन तक्रार करणार नाही. मात्र पुढचं कलम वाचून मग करावी.

कलम सहा. टेबल क्रमांक पाच, ते ज्यावर उभं आहे तो कोपरा आणि त्या कोपऱ्यात उघडणारा संडासाचा दरवाजा, बिजागरीसकट, माझ्या मुलीच्या मालकीचा राहील. व्यायामशाळा झालीच, तर ती या टेबलाच्या भोवतीने करावी. आणि त्या बिजागरीला जो कोणी तेल घालेल, मग तो पोटचा मुलगा का असेना, त्याचा या मिळकतीतला हिस्सा रद्द समजावा.

वकील इथे थांबले. चष्मा काढून म्हणाले की बिजागरीच्या अटीचं कारण लिहा, नाहीतर डॉक्टरांचा दाखला कोर्टात टिकणार नाही. तर कारण असं.

माझी मुलगी व्यावसायिक स्नूकर खेळते. हॉलमध्ये तिला तोफ म्हणतात. ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकेल एवढी होती तेव्हापासून पाच नंबरवर खेळली, कारण बाकीची चार टेबलं गिऱ्हाइकांना लागत आणि पाच नंबर कोणालाच नको असे. तिथे क्यूची काठी मागे ओढावी आणि नेमका कोणीतरी संडासाला जावा. तो दरवाजा आधी कण्हतो, मग किंचाळतो आणि शेवटी धाडकन आपटतो. खाली टायरवाल्याचं हवा भरायचं यंत्र मनात येईल तेव्हा धडधडतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत माझा मेहुणा, म्हणजे तिचा मामा, शेंगा सोलत बसतो, आणि कोणी नेम धरला की बरोबर त्याच क्षणी त्याला खोकला येतो. शिवाय मी आहेच. मी गल्ल्यावर बसून बोलतो. हवामान, राजकारण, शेजारी, तिचं कोपर कुठे वळतंय, काही वर्ज्य नाही. या सगळ्यात ती पोरगी शंभरी काढायची. मामाने खोकावं आणि तिने न बघता म्हणावं, “मामा, पाणी प्या,” आणि त्याच दमात लाल बॉल आत. याच टेबलावरून उठून ती व्यावसायिक झाली.

मग प्रशिक्षक आले. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाले, या गोंधळात ही इथवर आली, शांततेत सराव केला तर कुठे जाईल. बोलणं अगदी पटण्यासारखं होतं. वाटोळं करणारी बोलणी तशीच असतात. मुलगी मला म्हणाली, दाराला तेल घाला, मामांना घरी बसवा आणि तुम्ही तोंड बंद ठेवा. मी म्हणालो, हा हॉल आहे, दवाखाना नाही. बोलण्यावरून बोलणं वाढलं. आम्ही दोघं एकाच मातीचे, माघार कोण घेणार? तिने क्यू पेटीत घातला आणि अकादमीत गेली.

अकादमी मी बाहेरून पाहिली आहे. काचेची खोली, पायाखाली गालिचा, आत एक टेबल आणि एक माणूस. तिथे तिची कामगिरी डोळे दिपवणारी आहे असं प्रशिक्षक सगळ्यांना सांगतात. असेल. सरावात वाघ, सामन्यात मांजर. मागच्या स्पर्धेत सोपा काळा बॉल होता, आंधळ्यानेही घातला असता. तिसऱ्या रांगेत कोणीतरी गोळीचा कागद उलगडला. तिचा हात हलला आणि बॉल पॉकेटच्या ओठावर आपटून परत आला. तेव्हापासून खुर्ची करकरली तरी ती दचकते. आता येणारी पात्रता फेरी गेली, तर व्यावसायिक खेळाडूंच्या यादीतून तिचं नाव जाईल, आणि ते परत मिळवता मिळवता खेळाडूची उमेद जाते.

तिच्या फॉर्मबद्दल जो तो आपलं शहाणपण पाजळतो. आईचं म्हणणं, पोरगी जेवत नाही. टायरवाल्याचं म्हणणं, डावा डोळा. मुलाचं म्हणणं, पाठीचे स्नायू. मी आयुष्यभर खेळाडू पाहिले आहेत, तेव्हा माझंही ऐकावं. एकाने घरातच टेबल आणून बायकोमुलांना बाहेर काढलं. तो घरात रोज स्वतःला हरवायचा आणि बाहेर सगळ्यांकडून हरायचा. दुसरा गळक्या छपराच्या हॉलमध्ये, टेबलावर बादली ठेवून खेळायचा. त्याला सामन्यात घाम फुटलेला मी पाहिला नाही. माणूस जिथे सराव करतो, तिथलं सगळं त्याच्या हातात उतरतं, नुसते बॉल नाही. काचेच्या खोलीतून माझ्या मुलीच्या हातात काच उतरली आहे.

मी चुकलो असं मी लिहिणार नाही. मी बरोबर होतो, आणि बरोबर असण्याचा मला इतका कंटाळा कधी आला नव्हता. ती गेल्यापासून पाच नंबरवर कोणी खेळत नाही. मी रोज त्याचं कापड घासतो, इस्त्री करतो आणि झाकून ठेवतो. गल्ल्यावर बसून बोलतो, पण ऐकून चिडणारं कोणी नाही, म्हणून बोलण्यात राम उरलेला नाही. मला तिची फार आठवण येते. वकील म्हणाले, हे वाक्य कायद्याला लागत नाही. मी म्हणालो, राहू द्या.

कलम सात. कोपऱ्यातली खुर्ची मेहुण्याला. अट एवढीच की मुलगी सरावाला असेल तेव्हा त्याने त्या खुर्चीत बसावं आणि खोकावं. खोकला बरा झाल्यास खुर्ची परत घ्यावी. या मेहुण्याने माझ्या लग्नाला विरोध केला होता, आणि तेव्हापासून, हा निर्णय बरोबर होता का ते पाहायला, रोज येऊन बसतो. त्याच्याइतका सवडीचा माणूस दुसरा मिळणार नाही.

कलम आठ. मी गेल्यावर हॉल एक दिवसही बंद ठेवू नये. दोन मिनिटं शांतता तर मुळीच पाळू नये.

इथपर्यंत मजकूर काल तयार होता. आज सह्या करायला सगळे पाच नंबरभोवती जमलो. तेव्हा वकिलांच्या लक्षात आलं की टायरवाल्याला कलम तीनने शिडी मिळते, म्हणजे तो साक्षीदार चालत नाही. मी त्याला म्हणालो, शिडी सोड आणि सही कर. तो म्हणाला, सही काय, कोणीही करेल. आमची अशी हुज्जत चालली असताना जिन्यात पावलं वाजली आणि मुलगी आत आली. तिला मेहुण्याने फोन करून बोलावलं होतं, आणि आता तो शेंगा सोलण्यात गुंग असल्याचं दाखवत होता.

तिने मला कसे आहात विचारलं नाही. टेबलावरचा कागद उचलला आणि उभ्यानेच वाचायला लागली. मेहुणा खोकला.

“मामा, पाणी प्या,” ती म्हणाली, कागदावरून नजर न काढता.

शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तिने विचारलं, “म्हणजे तुम्ही मेल्यावर मी इथे यायचं?”

मी म्हणालो, कागद तसंच म्हणतो.

“आणि तेव्हा बडबड कोण करणार? मामांना नुसतं खोकता येतं.”

या गोष्टीची तरतूद करायची राहिलीच होती. वकिलांनाही सुचली नव्हती.

“मला टेबल आत्ता हवंय, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्यासकट. मेल्यावरचं नकोय मला काही.”

मग तिने वकिलांना विचारलं की साक्षीदार कमी पडतोय ना. वकिलांनी तिला नीट समजावलं की सही केलीस तर सहावं कलम गेलं, ठेवीतला वाटाही गेला. ती म्हणाली, पेन द्या. तिने पेन टेकवला तेवढ्यात डॉक्टर संडासातून बाहेर आले. दरवाजा आधी कण्हला, मग किंचाळला, मग धाडकन आपटला. खालच्या यंत्रानेही तोच मुहूर्त साधला. डॉक्टर स्वतः दचकले. तिची सही खाली आहे, ज्याला शंका असेल त्याने पाहून घ्यावी. रेघ कुठेही हललेली नाही.

सबब कलम सहा मी माझ्या हाताने खोडतो. रेघ बारीक मारली आहे, वाचता यावं म्हणून. कलम दोनमधला तिचा वाटा तिच्या आईकडे जाईल, आणि तिच्या आईला तो कुणाला द्यायचा ते कळतं. टेबल, कोपरा आणि दरवाजा आजच्या आज बक्षीसपत्राने मुलीला दिला. वकिलांनी ते याच बैठकीत केलं आणि पाचव्या कलमाच्या शेवटच्या वाक्यात तशी दुरुस्ती केली. मुलाने तोंड वाकडं केलं, पण बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून सही त्यानेच केली. बिजागरीची अट मात्र पाचव्या कलमात हलवली, ती कायम आहे. उद्यापासून सराव सुरू होतो. माझ्या हृदयाने पात्रता फेरी होईपर्यंत कळ काढावी, नंतरचं नंतर बघू.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून घेतलं, मला समजलं आणि बहुतेक पटलंही, म्हणून सही करतो.

ठिकाण: टेबल क्रमांक पाच. शाईचा डाग पडू नये म्हणून कापडावर वर्तमानपत्र अंथरलं आहे.

तारीख: त्याच वर्तमानपत्रावर आहे ती. वकील नीट अंकात घालतील.

लिहून ठेवणार: (सही) हॉलवाला

साक्षीदार पहिले: (सही) हृदयाचे डॉक्टर. सही दचकल्यानंतर केल्यामुळे थोडी तिरकी आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) लिहून ठेवणाराची मुलगी, धंदा स्नूकर, सरावाची जागा वर लिहिल्याप्रमाणे. हिला या कागदाने काहीही मिळत नाही.