मोहरी खाऊ नये

ठाकुर्ली,
रविवार दुपार

तीर्थरूप नीलाआत्यास सलिलचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं असेल, आणि त्यांनी सांगितलं म्हणूनच तू चढत असशील, तरी विचारतो. तुझी सूनबाई क्षिप्रा मजेत आहे. (माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत उत्तम.) पत्रास कारण, मोहने गावापलीकडचं आपलं नदीकाठचं शेत. निम्मं तुझ्या नावावर आहे, तेव्हा तिथे काय घडलं ते तुला सविस्तर कळायला हवं. (फोनवर तू मध्येच ओरडतेस.)

नोकरी सोडल्यावर मी तिथे भेंडी लावली, हे तुला ठाऊक आहेच. बांधापलीकडे तानाजीची भेंडी कमरेला लागत होती, आणि माझी घोट्याएवढी होऊन पिवळी पडली होती. मी शेणखत घातलं, शेण-गोमूत्रात गूळ-बेसन घालून जीवामृत कालवलं (तो वास अजून गाडीत आहे), तानाजी नजर लागली म्हणाला म्हणून लिंबू-मिरचीही बांधली. शेवटी गांडुळं आणून सोडली. सकाळी बघतो तर नाल्याकडच्या पट्ट्यातली गांडुळं वर येऊन सरळ तानाजीच्या बांधाकडे निघालेली! आत्या, पीक रुसतं हे मी समजू शकतो, पण गांडुळांनी घर का सोडावं? हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग ठिकठिकाणची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून मी ती प्रयोगशाळेत तपासायला दिली.

तिथल्या विनिता मॅडमनी मला खुर्चीत बसवून सांगितलं की, नाल्याकडच्या पट्ट्यात शिसं आणि कॅडमियम आहे. पुढे चौकशी केली तर कळलं, वरच्या अंगाला पूर्वी कोणीतरी केमिकलचे रिकामे पिंप धुऊन विकायचा. त्याची शेड कधीच गेली, धुवण मात्र आपल्या मातीत मुरलं. मी विचारलं, "माती धुता येते का?" त्या हसल्या नाहीत, हे विशेष. उपाय त्यांनी असा सांगितला: नाल्याचं पाणी आधी बांध घालून अडवायचं. बाकीच्या शेतात चुना आणि भरपूर कंपोस्ट घालायचं, म्हणजे थोडाफार धातू असला तरी मातीतच जखडून बसतो, पिकात फारसा चढत नाही. आणि वाईट पट्ट्यात मोहरी लावायची. मोहरीला म्हणे हे धातू मुळांनी ओढून पानांत साठवायची सवयच असते. वाढली की उपटायची, पुन्हा लावायची, असं बरीच वर्षं. "फक्त ती खायची नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "कोण खातंय!"

आत्या, माझ्या हातून आयुष्यात एवढं सुरेख पीक आलं नव्हतं. हिरवीगार, तुकतुकीत, वाऱ्यावर डोलणारी मोहरी. (शिसं खाऊन इतकं तेज येतं, याचं मला अजून कुतूहल आहे.) अडचण एकच झाली. पलीकडच्या नव्या टॉवरमधली मंडळी सकाळी नदीकाठी फिरायला येतात. त्यांनी ती पाहिली आणि खुडायला सुरुवात केली. मी पाटी लावली, "ही भाजी विषारी आहे, खाऊ नये." त्यावर एकमत असं झालं की, शेतकरी कंजूष आहे, म्हणजे भाजी नक्कीच चांगली असणार. एके दिवशी ट्रॅकसूटमधल्या एक बाई पिशवी भरून निघालेल्या दिसल्या. मी हाका मारल्या, त्या रिक्षात बसल्या. मी दुसऱ्या रिक्षाने मागे. लिफ्टच्या दारातून निसटल्या, वॉचमननं मला अडवलं. शेवटी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा फोडणी तडतडत होती, आणि टेबलाशी त्यांचे सासरे ताट घेऊन बसलेले.

"अहो काका, मूठभर पाल्यासाठी एवढं धावत आलात?" बाई म्हणाल्या. (नाव स्वप्ना, स्वभावाने चांगल्या आहेत.)

मला धाप लागली होती. मी फक्त "शिसं, शिसं" म्हणू शकलो. सासऱ्यांना ते 'शीशा' ऐकू आलं, त्यांना वाटलं मला आरसा हवाय. मी पुढे होऊन गॅस बंद केला आणि कढई उचलून छातीशी धरली. हात भाजला, शर्ट गेला, पण आत्या, त्या म्हाताऱ्यांच्या ताटात तो घास पडला असता तर मी जन्मभर झोपलो नसतो. श्वास आल्यावर सगळं सांगितलं. बाई पांढऱ्या पडल्या, मग त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर असं काही खरमरीत लिहिलं की संध्याकाळी अख्खा टॉवर शेतावर हजर. कोणी पाला परत आणला, कोणी डब्यात शिजवलेली भाजी, एकीनं तर वर लोणी घातलेलं. ज्यांनी आधी खाल्ली होती ते रक्त तपासून आले. देवाच्या दयेने सगळे ठीक. आता स्वप्नाताई रोज सकाळी पट्ट्यावर पहारा देतात, आणि विनिता मॅडमना माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतात.

चुन्याच्या भागातली भेंडी मात्र फळली. तपासून घेतली, मगच खाल्ली. कोवळी आहे. गांडुळंही तिथे टिकून आहेत.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, गुडघ्यास शेक.

तुझा,
सलिल

ता. क. उपटलेली मोहरी जाळता येत नाही, पुरता येत नाही, गुरांना घालता येत नाही. वाळवून गोणीत बंद करून ठेवायची, पुरेशी साठली की असला कचरा नेणारे लोक येऊन नेतात. तोवर कोरडी, कुलूपबंद जागा हवी. आमच्या गॅलरीतल्या गोण्यांमुळेच क्षिप्रा बोलत नाही. नौपाड्यातलं तुझं गॅरेज काका गेल्यापासून रिकामंच आहे, नाही का?

ता. क. २. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र टेम्पोवाल्याच्या हाती देत आहे. तू वाचत असशील तेव्हा तो भरलेल्या टेम्पोसकट दारात उभा असेल. होकार त्याच्याजवळच सांग. नकार असल्यास मात्र सावकाश, पोस्टाने कळव.