नऊ नंबरची वेल

सोम. ८ जाने. ९६
मालकांनी आज सगळ्या कारखान्यासमोर विचारलं, सोनेरी रंगाची डबी कुठे गेली. मी मान खाली घालून गणपतींचे डोळे आखत राहिले. माघीच्या ऑर्डरी तोंडावर, त्यात डबी गायब म्हणजे बोंब होणारच. डबी माझ्या पिशवीत होती. अर्धी.

उरलेली अर्धी काल तळ्यावर संपली. सरांची आयडिया. दर रविवारी आमच्या मंडळाच्या मोजणीत तेच कासव दोनदा मोजलं जातं, म्हणून पाठीवर नंबर घालायचे. "रंग तुझ्याकडे, हात तुझा." शाळेतून रिटायर झाले तरी कामं वाटायची सवय गेलेली नाही. पार्वतीबाय मिठागरावरून तशीच आली, गुडघाभर पाण्यात उतरून एकेक धरून देत गेली. अकरा झाली. सरांनी साधा लाल सांगितला होता. मीच म्हटलं, सोनेरी उठून दिसेल.

नऊ नंबर शांत निघालं. मान आत घेऊन गप्प बसलं, मग माझा हात थांबेना. कडेने वेल काढली, मुकुटावर काढतो तशी. मध्येच पा.बाय शिंकली, तिसरं पान तिरकं गेलं. म्हणाली, "आता आरतीच काय ती बाकी हाय गो." मला मनातून फार बरं वाटलं.

बुध. १७ जाने.
पेपरात आलं. सरांचा फोटो, हातात नऊ नंबर. वेल नेमकी त्यांच्या अंगठ्याखाली. गावाचं नाव, वडखळहून कसं जायचं, तळं कुठल्या देवळामागे, सगळं छापलंय. आम्ही दोघी "महिला सहकारी". सर कारखान्यात येऊन दोनदा वाचून गेले.

संध्याकाळी पा.बायला वाचून दाखवलं. "माजं नाव नाय ता नाय. तल्याचं कशाला घातलान?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नाव नाही म्हणून फुगून बसले होते.

रवि. २१ जाने.
अकरातली चारच राहिली.
तीन दिवस मोटारसायकलवरून दोघं येतायत, गोणी घेऊन. पा.बाय ओरडली तर हसले. "पयले उन्हाला बसली का दगडासारकी दिसाची. आमी जन्म काढला हितं, आमालापन पटकन दिसाची नाय. आता बांदावरना चमकतान."

ती मला बोलत नव्हती, नुसतं सांगत होती. पण मला वाटलं ही बया मला दोन शिव्या घालेल तर बरं.

सर म्हणाले, चोर काय, नंबर नसते तरी आलेच असते. मी म्हटलं, आले असते, पण त्यांना शोधावं लागलं असतं. सरांनी चष्मा काढून पुसला. राग आला की मला माणसाचं चष्मा पुसणंसुद्धा सहन होत नाही.

राहिलेल्या चारांच्या पाठी काथ्या आणि वाळूने घासल्या. रॉकेल नको म्हटलं, त्यांना सोसायचं नाही. एकेकाला अर्धा तास. नखं गेली. मालक रंग चांगलाच आणतात.

गुरु. २५ जाने. रोहा
माघीचं काम संपलं, सुट्टी. आईकडे हळदीकुंकू. दुपारी आई म्हणाली, "चल गो, बाजारात देवाचं कासव आलंय. दर्शन घेऊन येऊ."

कापडाचं दुकान. दारातच प्लास्टिकचा टब, भोवती झेंडूच्या माळा. बायकांची रांग. आत नऊ नंबर.

आकडा नऊ म्हणजे म्हणे नवदुर्गा. आणि वेल जन्मापासूनच पाठीवर. मी तिसरं पान बघितलं. तिरकं.

दुकानदाराला सांगितलं, ही मी काढलीय, पेणच्या कारखान्यातला रंग आहे. तो हसला. "ताई, एवढं बारीक काम माणसाच्या हातचं असतं का?" इतकी वर्षं काम करते, माझ्या हाताला इतकं चांगलं कोणी म्हटलं नव्हतं. तिथेच त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

पेपरातल्या फोटोचं सांगितलं. तो म्हणाला, आणा, बघू. काय आणू? अंगठा?

पाण्यात कुंकू, पेढ्याचा भुगा. चढून बसायला एक दगडसुद्धा नाही. डोळे सुजलेत. असं राहिलं तर मरणार, हे सांगायला मास्तर लागत नाही. मी टबात हात घालायला गेले तर आईने दंडाला चिमटा काढला. घरी आल्यावर कळलं, तिने त्याला नवस बोललाय. माझ्या लग्नाचा. मी जेवले नाही.

शनि. २७ जाने.
सरांकडे. "जिवंत आहे ना? पूजा करतायत म्हणजे निदान कोणी खाणार नाही. आपणच रंगवलं हे बाहेर आलं तर मंडळाचं काय राहील?"

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. त्यातल्या एकीला सही येत नाही, एकीने रंग चोरलाय. म्हटलं, बुडू दे तुमचं मंडळ. चप्पल घालून निघाले.

रवि. ४ फेब्रु.
पा.बायला घेऊन रोह्याला. ब्रश आणि डबी नेली.

गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं. काउंटरच्या काचेवर, सगळ्यांसमोर, नऊचा आकडा आणि तीच वेल काढली. तिसरं पान मुद्दाम तिरकं. सगळे काचेकडे, मग टबाकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं.

मग रांगेतली एक म्हातारी पुढे आली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. "तुज्या हातून त्यानंच काढून घेतलान, बाय."

दुकानदाराने हात जोडले. काच आता पुसायची नाही म्हणाला. माझ्या ओटीत ब्लाउजपीस घातला, खण म्हणून. मी तो तिथेच टाकून दिला तर तोही कोणीतरी उचलून डोक्याला लावला.

पा.बाय ओरडत होती, "अगो मरतंय ता, डोले बगा त्याचे." ऐकतंय कोण. मी पाठीला बोट लावलं तर मान अर्धीच आत गेली. पूर्वी खटकन घ्यायचं.

येताना गाडीत, नागोठण्याला पा.बाय म्हणाली, "देव व्हायच्या आदी बरा होता त्याचा."

शुक्र. ९ फेब्रु.
आईचा निरोप आला, परत असलं काही करायला येऊ नकोस, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. वर हेही, की ते कासव दोन दिवस काही खात नाही, लोक म्हणतात उपास धरलाय.

उपास!

दुपारी सर कारखान्यात आले. मी डोळे आखत होते, वर बघितलं नाही. शेवटी म्हणाले, पार्वतीबाय सांगत होती, कधी निघताय. सांगितलं, सकाळची रोहा गाडी. "बरं," एवढंच. येतील की नाही माहीत नाही. मी बोलावलं नाही.

पिशवी भरली. काथ्या, वाळू, बादली, तळ्यातला एक दगड. पा.बाय दारात उभी राहून लोकांना अडवणार, मी घासणार. वेल गेली की ते नुसतं कासव, मग कोणाला ठेवायचंय. अर्धा तास लागतो. तेवढ्यात लोक मारतील किंवा नाही मारणार. आई रांगेत असली तर काय, तो विचार करत नाहीये.

आज मालकांनी माझ्या हातचा मुकुट सगळ्यांना दाखवला. म्हणाले, वेल बघा हिची. मी बघितला. नऊ नंबरवर उतरली तशी ती अजून एकदाही उतरलेली नाही.