कागदावर 'असमर्थ' लिहू नये

मी, रुख्मा भैयाजी हुकरे, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, धंदा शेती, राहणार मौजा करंजटोला, तालुका आमगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. मी सातवी पास आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग मी त्यांना तिथी विचारली, ती त्यांना आली नाही.

माझे पती भैयाजी नऊ वर्षांपूर्वी वारले. मला दोन अपत्ये. मुलगा प्रफुल गोंदियात मोटारपंप दुरुस्तीचे दुकान चालवतो. मुलगी रीता अर्जुनी मोरगावला दिलेली आहे.

कलम एक. तलावाखालची दोन एकर धानाची जमीन सातबाऱ्यावर माझ्या एकटीच्या नावे आहे. ती माझ्यानंतर प्रफुलला मिळावी. हे वाचून गावातल्या काही लोकांना नवल वाटेल, म्हणून कारण लिहिते.

अडीच वर्षांपूर्वी, धानाची रोपे लावायच्या ऐन रोवणीच्या दिवसांत, प्रफुल एक कागद आणि शाईचे पॅड घेऊन आला. जमीन आताच त्याच्या नावे करावी, असा तो कागद होता. त्यात माझ्याबद्दल लिहिले होते, "वार्धक्यामुळे शेती करण्यास असमर्थ." मी नुकतीच बांधीच्या चिखलातून वर आले होते, पायही धुतले नव्हते.

मी विचारले, "मले असमर्थ काऊन लिवलं?"

तो म्हणाला, "आई, कागदावर तसंच लिवा लागते. त्यानं काय होते?"

"मंग सकाळपासून बांधीत कोण रोवून राहिलं होतं?"

"तू आता डोकरी झाली, आई. लोक मलेच नावं ठेवून राहिले."

"अन् हे पॅड कायले आणलं? मले सही येते."

मी कागद परत दिला. त्यानंतर दोन वर्षे तो घरी आला नाही आणि मीही बोलावले नाही. दोघांचाही स्वभाव माझाच आहे. त्या दोन्ही हंगामांत शेती मी केली आणि धान चांगले झाले. पण धान घरात आल्यावर दाखवायला कोणी नव्हते, हेही इथे लिहिते.

मागच्या दसऱ्याच्या आधी मी बांधावरून घसरले आणि डावे मनगट मोडले. शेजाऱ्यांनी कळवले, तसा प्रफुल दुकान बंद करून आला आणि मला गोंदियाच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता त्याला विचारले, "माताजी को कुछ समझता है क्या?"

मी तोंड उघडण्याआधी प्रफुल म्हणाला, "उन्हीं से पूछिए. हाथ उनका है, खेती भी उनकी है."

परत येताना ऑटोत तो म्हणाला, "आई, तो कागद मी तवाच फाडला."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू बोलू कुठं देत होती?"

हे खरे होते. त्या वर्षीचे धान त्याने कापले. मी हात गळ्यात अडकवून बांधावर उभी राहायची, सांगायची, आणि तो तसे करायचा. ज्याला विचारून काम करता येते, त्याच्या हाती जमीन द्यायला मला भीती वाटत नाही. मात्र मी जिवंत आहे तोवर जमीन माझी आणि काय पेरायचे ते मी ठरवीन.

कलम दोन. राहते घर, पोस्टातील ठेव आणि अंगणातील विहीर रीताला मिळावी. बाकी सगळे फोनवर आधी विचारतात, गोळ्या घेतल्या का. रीता विचारते, धानाच्या रोपांचे परहे किती वर आले. माझ्याशी कसे बोलावे, हे तिला कधी शिकवावे लागले नाही.

कलम तीन. ज्येष्ठांच्या सत्कारात मला मिळालेली शाल आमच्या गावचे माजी सरपंच गुलाबचंद यांना द्यावी. त्या दिवशी आम्हा नऊ जणांना खुर्च्यांवर बसवून त्यांनी भाषण केले की, ही पिकली पाने कधी गळतील सांगता येत नाही. गुलाबचंद माझ्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान आहेत आणि केसांना कलप लावतात. शाल चांगली उबदार आहे. त्यांनी ती संकोच न करता वापरावी.

कलम चार. म्हातारपणाशी माझे भांडण नाही. केस पांढरे आहेत, गुडघे दुखतात. बसमध्ये ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत मिळते, ती मी घेते. माझे माहेर छत्तीसगडच्या सीमेवरचे. तिथे वयस्क माणसाला सियान म्हणतात, म्हणजे ज्याला विचारून घरातले काम होते असा. इथे डोकरी म्हणतात आणि खाट पडवीत टाकतात. माझ्या निधनाच्या बातमीत आणि चौकातल्या फलकावर वयोवृद्ध, थकलेल्या, असे काही छापू नये. वय लिहावे. ते माझे आहे, मी कमावलेले आहे.

कलम पाच. माझ्या चांदीच्या पाटल्या धुरपताला द्याव्यात. चाळीस वर्षे ती रोवणीत माझ्या शेजारी वाकली आहे. लग्नानंतर मी सून, काकू, आई, सासू, आजी, माताजी झाले. नावाने हाक मारणारी तेवढी तीच राहिली. अजूनही सकाळी फाटकाशी येऊन म्हणते, "रुख्मे, चाल वो."

मला घरातून उचलण्याआधी तिला पुढे येऊ द्यावे आणि एकदा हाक मारू द्यावी. मी ओ देणार नाही, तरी तिला कोणी थांबवू नये. ती माझ्याआधी गेली, तर पाटल्या रीताला द्याव्यात. हाक मग दुसऱ्या कोणी मारू नये.

वरील पाच कलमे मी वाचून, समजून, चष्मा लावून खाली सही केली आहे.

रुख्मा भैयाजी हुकरे

आमच्या दोघांसमक्ष रुख्माबाईंनी सही केली. त्यांचा हात स्थिर होता.

साक्षीदार:
१. नंदलाल कटरे, निवृत्त शिक्षक, करंजटोला
२. ओमेश टेंभरे, पोस्टमन, आमगाव

ठिकाण: आमगाव
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५