तुमची तोडी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्याकडे सतार शिकलेल्या मुलींच्या नाती आता कॉलेजात जातात. माझेही गुडघे बोलायला लागलेत. तरी नागपूरच्या धंतोलीतल्या त्या एका रविवारचं मी तुम्हाला कधी खरं सांगितलं नाही, आणि हल्ली ते मला स्वस्थ बसू देत नाही.

आणीबाणी लागायच्या आधीचा तो उन्हाळा. डॉक्टरसाहेबांच्या दिवाणखान्यात दर रविवारी सकाळी रेकॉर्ड ऐकायची बैठक भरायची. वकील, प्राध्यापक, कचेरीतले दोन साहेब, सगळे कानसेन. माझा हात हलका म्हणून रेकॉर्ड लावायचं काम माझ्याकडे. वाजत असलेल्या रेकॉर्डचं कव्हर टेबलावर फुलदाणीला टेकवून उभं ठेवायचं, अशी तिथली पद्धत होती. उशिरा येणाऱ्यालाही कळावं, दाद कोणाला द्यायची आहे ते! त्या रविवारी मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीतले एक साहेब यायचे होते. ते लग्नासाठी नागपुरात आले होते. तुमची एकुलती एक रेकॉर्ड त्यांच्याच कंपनीनं काढलेली. ती कधी आली आणि कुठे गेली, कोणाला कळलंही नाही. तुमच्या गुरुभगिनींची मात्र नुकतीच निघाली होती आणि ऐकायच्या आधीच गावभर गाजत होती. दोघींनी वाजवलेली तोडीच, गतही एकाच गुरूची. दोन्ही लागोपाठ लावू, तुमची साहेबांच्या कानावर पुन्हा पडली तर दुसरी रेकॉर्ड निघेल, असं डॉक्टरसाहेबांनी ठरवलं. आदल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात कणीक तिंबताना मध्येच थांबलात आणि उजवा हात माझ्यापुढे धरलात. "पाह्य, बोटं आखडून राहिली माझी. आता नाई झालं तं मंग कधीच नाई वं." मी म्हटलं, होईल बाई. बोलायला माझं काय जात होतं?

मी सकाळी लवकर पोचले. खिडकीला वाळ्याचे तट्टे लावलेले, खोलीत अर्धवट अंधार. जेवणाच्या टेबलावर दोन्ही रेकॉर्डी काढून मी फ्लॅनेलनं पुसत होते. एकाच कंपनीच्या, लाल लेबलं सारखी, अक्षरं मुंगीएवढी. तेवढ्यात मोटार आली, साहेब आले म्हणून धावपळ उडाली आणि मी घाईघाईनं रेकॉर्डी कव्हरांत सरकवल्या.

पहिली लावायची होती गाजलेली. मी कव्हर उभं केलं, सुई टेकवली. तुम्ही दाराजवळच्या खुर्चीत बसला होतात, पदर खांद्यावर घट्ट ओढून. पहिला सूर निघाला तशी तुम्ही मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, गुरुभगिनीचा हात ऐकून धसका घेतला असेल. आलापात वाजवणारी कोमल गंधारावर इतकी रेंगाळली, की वकीलसाहेबांच्या हातातला पानाचा विडा हातातच राहिला. कुठे घाई नाही, टाळ्या मिळवायची धडपड नाही. कंपनीवाले साहेब डोळे मिटून बसलेले. एकदा म्हणाले, "वा, याला म्हणतात तोडी." खोलीभर वा-वा झाली, त्यात माझीही होती. मग दुसरी लावली, तुमचं कव्हर उभं केलं. ही सुरुवातीपासून पळतच होती. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं, कोणीतरी चहाचं विचारलं. ती संपल्यावर साहेब तुमच्याकडे वळून अगदी सौजन्यानं म्हणाले, "तालीम चांगली आहे हो. शिकवत राहा."

सगळे चहाला उठले आणि मी रेकॉर्डी आवरायला घेतल्या. उजेडासाठी तट्टा जरा बाजूला केला तेव्हा लाल लेबलावरचं नाव वाचलं. गाजलेल्या कव्हरात जायला निघालेली रेकॉर्ड तुमची होती. साहेब चार हातांवर उभे होते, बशीत चहा ओतत. एक वाक्य बोलायचं होतं, बाई. "साहेब, तुम्ही ज्याला तोडी म्हणालात ना, ती या बाईंची." बस्स, एवढंच. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडेच पाहत होतात. आणि मी दोन्ही रेकॉर्डी मुकाट्यानं आपापल्या जागी घातल्या. सगळ्यांसमोर आपली चूक निघेल, उद्यापासून कोणी रेकॉर्डला हात लावू देणार नाही, एवढीच माझ्या मनात भीती. तिच्यापुढे तुमची दुसरी रेकॉर्ड मी वाऱ्यावर सोडली. साहेब संध्याकाळच्या गाडीनं गेले.

पुढच्या महिन्यात डॉक्टरसाहेबांनी गाजलेली पुन्हा लावली. चेहरा पाडून म्हणाले, त्या दिवशीसारखी लागत नाही, मशीन बिघडलं वाटतं. त्यांनी सुई बदलली, मग स्पीकर बदलले. मशीन बदललं तरी कोणाला शंका आली नाही. आज माझ्याकडे दोन्ही आहेत. गुरुभगिनींच्या रेकॉर्डला अजून लोक मान डोलावतात, डोलावू देत. तुमची लागली की मी फोनसुद्धा उचलत नाही.

पण सांगायचं होतं ते रिक्षातलं. त्या दुपारी महालापर्यंत आपण सायकलरिक्षात शेजारी बसून आलो. ऊन नुसतं भाजत होतं. रिक्षा बर्डीच्या बाजाराला लागली. मग म्हणालात, "तू मुद्दाम बदलवल्या ना वं?"

मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"मले पहिल्याच सुराले समजलं. असं करू नाई पुन्हा. चोरून दिलेली वाहवा नाई पायजे मले."

"पण बाई, तुम्ही काहून नाही बोलल्या?"

"काय बोलू? नाव सांगितल्यावर मंग वा म्हणतीन, त्याचं काय लोणचं घालू?" तुम्ही हसलात. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात, तो आखडलेला. "जाऊ दे. त्याइले नाई, पण तुले तं ओळखू आली. एकाले तरी आली. मले पुरे तेवढं."

त्यानंतर तुमची रेकॉर्ड निघाली नाही. मला मात्र तुम्ही शेवटपर्यंत लोकांपुढे "हिले कान आहे" म्हणत राहिलात. दवाखान्यात नर्सलाही तेच सांगितलंत. मी शेजारी उभी राहून ऐकून घेतलं.

तुमची ती रेकॉर्ड तुम्ही मला भेट दिली होतीत, पण त्या रविवारपर्यंत मी ती एकदाही ऐकली नव्हती, बाई. आमच्याकडे मशीन नव्हतं. डॉक्टरसाहेबांकडे लावता आली असती, पण मला ते सुचलंही नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा ऐकली म्हणून सांगितलं, छान आहे म्हटलं. त्या रविवारी मी मुद्दाम काही केलं नव्हतं आणि मला काही ओळखूही आलं नव्हतं. दुसरी रेकॉर्ड वाजायला लागली तेव्हा ती तुमचीच समजून मी मान खाली घातली होती. मला तुमची लाज वाटली होती.