हुक पक्का आहे

तीर्थस्वरूप दादांना,

गुडघ्याच्या काळजीसह साष्टांग नमस्कार. ऑपरेशन नीट पार पडलं, हे ऐकून जीव भांड्यात पडला. लेकीकडे भरपूर सेवा करून घ्या, घरी परतायची घाई मुळीच करू नका. (कारण पुढे येईल.)

इकडे मी गॅरेजमध्ये बांधत असलेली स्पोर्ट्स कार (तुमच्या भाषेत ‘चार चाकांचा हट्ट’) तयार झाल्यातच जमा आहे. रविवारी रेसच्या मैदानावर तपासणी आहे. त्यात नापास झालो तर गॅरेज शिवणवर्गाला द्यायचं, असं तुमच्या बहिणीने बजावलंय. थट्टा सोडा दादा, माझा जीव त्या गाडीत अडकलाय.

तर नियम असा, की गाडीला पुढे-मागे ओढून नेण्याचे हुक हवेत. वाचून डोकंच फिरलं. नुकत्याच जन्मलेल्या पोराच्या हाती कुबड्या द्यायच्या? पण नियम तो नियम. पुढचा हुक मी नाकाडावर झोकात बसवला, एक जीप मिळवली, दोर बांधला आणि तुमच्या बहिणीला जीप चालवायला सांगितलं. ती एकदा निघाली की मागे वळून बघत नाही, हे तुम्ही जाणताच. ती कोपऱ्यापर्यंत गेली. हुकही गेला, गाडीचं फायबरचं नाकाडही गेलं. मी मात्र स्टिअरिंग धरून जागच्या जागी! (शेजारच्या डॉक्टरीणबाई गच्चीतून हसत होत्या. त्यांना गाड्यांतलं काय कळतंय!)

नाकाड चिकटवलं. मग जाड पोलादी पट्टी थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, बोल्टांनी आवळली आणि हुक तिच्यावर बसवला. पुन्हा ओढून पाहिलं. हुक तसूभर हलला नाही. उलट जीपचाच मागचा बंपर उखडून आला. (माझ्या गाडीचा हँडब्रेक ओढलेला राहिला होता, पण त्याने चाचणी जास्त कडक झाली.) एवढं भक्कम काम कारखान्यातही होत नसेल. मागचा हुकही तसाच बसवलाय, तेव्हा आता पास होण्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

तब्येतीला जपा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. जीप तुमचीच. किल्ली कपाटात होती. बंपर जपून ठेवलाय.

ता. क. चं ता. क. इंजिन अजून सुरू होत नाही. त्यामुळे रविवारी गाडी मैदानापर्यंत ओढतच न्यावी लागेल, आणि त्यासाठी जीप पुन्हा हवी आहे. होकार असेल तर फोन करा. नकार असेल तर सवडीने पत्र टाका, म्हणजे ते सोमवारी पोचेल.