निगेटिव्ह अहवाल रद्द करून मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
साथरोग नियंत्रण कक्ष,
सरकारी रुग्णालय (मागील इमारत, पहिला मजला, कुलूप नसेल तेव्हा).

विषय : मला स्वाइन फ्लू नसल्याचा अहवाल रद्द करून माझ्या घशाचा नमुना पुन्हा घेणेबाबत, व तोवर माझ्या मुलीस औषध देणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या प्रयोगशाळेचा माझ्या नावचा अहवाल, शेरा 'निगेटिव्ह'.
२) आपल्या खिडकीवरील कारकुनाचे तोंडी उत्तर, 'नशीब समजा आणि घरी जा.'

महोदय,

मी मोटार चालवायला शिकवतो. अनोळखी माणसांच्या हाती जीव देऊन शेजारी बसणे हाच माझा धंदा असल्याने मी सहसा कोणावर चिडत नाही. शिकाऊ माणूस गाडी खांबावर घालतो, पण 'खांबाला काही झालेले नाही' असे निदान लेखी देत नाही. आपल्या कक्षाने तसे लेखी दिले आहे, म्हणून हा अर्ज.

१. गेल्या पंधरवड्यात मला सर्दी होऊन अंग कोमट झाले. आमच्या डॉक्टरांनी 'साथ आहे, एकदा दाखवून या' म्हटले म्हणून आपल्याकडे आलो. आपल्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून व घशातून काडी फिरवली, ती गुलाबी पाण्याच्या नळीत बुडवली, नळी बर्फाच्या डब्यात गेली आणि मी वॉर्डात गेलो. डोळ्यांतून पाणी आले, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी अंग थंड झाले. परंतु नळी परगावच्या प्रयोगशाळेत जाते आणि तिथून उत्तर येईपर्यंत संशयितास घरी सोडत नाहीत, असा नियम मला सांगण्यात आला. नियम उत्तम आहे.

२. आता वॉर्डाविषयी. आपण रोज दाराच्या काचेतून पाहणी करीत होतात, त्यामुळे आतले आपणास दिसले नसावे. खोली एक. दारावर पाट्या दोन, वर 'संशयित' आणि खाली 'बाधित'. दार मात्र एकच. मध्ये एक हिरवा पडदा आहे, तो पंखा लावला की आमच्या तोंडावर येतो आणि पंखा बंद केला की सगळे घामाघूम होतात. पाण्याचे पिंप एक, त्याला साखळीने बांधलेला पेला एक, संडास एक. पडद्याला लागून अलीकडे माझी खाट आणि पलीकडे एका निवृत्त ड्रिल मास्तरांची. मास्तर पॉझिटिव्ह होते. ते खोकले की पडदा हलायचा. वॉर्डबॉय दारातून ताटे आत सरकवून जो पळायचा तो दुसऱ्या ताटापर्यंत दिसायचा नाही. त्यामुळे मास्तरांना संडासापर्यंत धरून नेणे, उलटी होताना कपाळ धरणे, पाणी पाजणे ही आपल्या कक्षाची कामे मी केली. 'तुमच्या रूपानं देव भेटला हो,' असे मास्तर म्हणाले, तेही तोंडासमोर तोंड आणून. म्हातारा माणूस, त्यांना मी दूर ढकलायला हवे होते काय, याचे उत्तर आपल्या परिपत्रकात असल्यास कळवावे.

३. अहवाल आला. निगेटिव्ह. हा अहवाल खोटा आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले आहे. नमुना मी वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वीचा आहे आणि त्या वेळी मला स्वाइन फ्लू नव्हता. तो मला आपण दिलात. सर्दी झालेला माणूस आगीतून फुफाट्यात नेऊन ठेवला आणि नंतर त्याला आगीचा डाग नसल्याचा दाखला दिला. आपल्या शेऱ्याचा सरळ अर्थ 'येताना बरा होता' एवढाच निघतो.

४. मी घरी आलो तेव्हा सासूबाईंनी जिन्यातल्या प्रत्येक दारावर थाप मारून 'जावई सुटला' म्हणून सांगितले. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिची छाती जन्मापासून नाजूक, दप्तरात श्वासाचा पंप असतो. इतके दिवस फोनवर बोललेली पोर, तिने धावत येऊन गळ्याला मिठी मारली आणि रात्री माझ्या दंडावर डोके ठेवून झोपली. अहवाल माझ्या खिशात होता, म्हणून मी तिला दूर केले नाही. सरकारी कागदावर इतका विश्वास मी आयुष्यात पहिल्यांदाच ठेवला.

५. त्यानंतर मला खरा ताप चढला. हाडे कुटल्यासारखी दुखू लागली, खोकल्याने बरगड्या धरल्या. मेहुण्याने मला आपल्या खिडकीवर आणले. कारकून म्हणाले, 'तुमचा रिपोर्ट आलाय की.' मी म्हटले, तो आधीचा. ते म्हणाले, 'एका माणसाचा एक रिपोर्ट. दुसरा टाकला की कॉम्प्युटर घेत नाही.' डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून 'हा साधा ताप, विश्रांती घ्या' असे सांगितले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही, कागद बोलका असावा. रांगेतील एक गृहस्थ तर मलाच रागावले, 'लोक देव पाण्यात घालून बसलेत निगेटिव्ह यावा म्हणून, आणि तुम्ही भांडताय?' त्यांचे बरोबर आहे. माझ्या तापापुरते असते तर मीही नशीब समजून घरी पडून राहिलो असतो.

६. परंतु कालपासून मुलीला ताप आहे. पंपाने आराम पडत नाही. श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत जाते. मी पलीकडच्या खोलीतून, दार लोटून, हे ऐकत पडलो आहे. मला भीती वाटते, महोदय, आणि ती शासकीय भाषेत कशी लिहितात ते मला माहीत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, 'औषध आजच्या आज सुरू व्हायला हवं. ते कक्षाच्या कपाटात आहे आणि साहेबांच्या सहीशिवाय निघत नाही.' माझी बायको खिडकीवर गेली. कागदावर 'संपर्कातील बाधित व्यक्ती' असा रकाना आहे, तिथे तिने 'वडील' लिहिले. कारकुनांनी त्यावर लाल रेघ मारली.

'वडील निगेटिव्ह आहेत, बाई.'

'मग पोरीला झालंय काय?'

'ते टेस्ट केल्याशिवाय कसं सांगणार?'

'मग करा टेस्ट.'

'संपर्क दाखवा, करतो.'

माझ्या बायकोचा आवाज कधी चढत नाही. काल चढला, तर तिला शिपायाकरवी बाहेर काढण्यात आले. पालथ्या घड्यावर पाणी ओतायलाही आपल्याकडे रांग आहे.

७. सबब माझा निगेटिव्ह अहवाल रद्द करावा. ते जमत नसल्यास हिरव्या पडद्याचा नमुना घ्यावा. तेही जमत नसल्यास मी आपल्या वॉर्डात कधी राहिलोच नव्हतो, मास्तरांच्या कपाळाला लागलेला हात दुसऱ्याच कोणाचा होता, असा दाखला आपल्या सहीने द्यावा, म्हणजे मुलीला ताप कशाचा आला हे आम्ही देवाला विचारू.

८. आपल्या माहितीसाठी नमूद करतो की हा अर्ज मी तोंडाला काहीही न बांधता लिहिला आहे. खोकला आला तेव्हा कागद बाजूला केला नाही. कडा जिभेने ओल्या करून पाकीट चिकटवले आहे. आपल्या अहवालानुसार मी स्वच्छ आहे, तेव्हा आपणास चिंतेचे कारण नाही.

एव्हाना कागद आपल्या हातातून टेबलावर पडला असेल. आपण खुर्ची मागे सरकवली असेल.

घाबरू नये. हा अर्ज मी फोनवरून सांगितला आणि मेहुण्याने त्याच्या घरी बसून लिहिला. माझा हात कागदाला लागलेला नाही, पाकीट डिंकाने चिकटवले आहे. शेजारच्या माणसाच्या तोंडावर खोकायला मी काही आपला वॉर्ड नाही. मात्र मला स्वाइन फ्लू आहे, हे आपण आत्ता स्वतः मान्य केलेत. त्यासाठी काडी, नळी, बर्फ आणि परगावची प्रयोगशाळा यांपैकी काहीही लागले नाही. आता हात स्वच्छ धुवावेत, आणि त्याच हाताने माझ्या मुलीच्या कागदावर सही करावी.

आपला (सही होईपर्यंत) नम्र,
मोटार-प्रशिक्षक,
पडद्यालगतची खाट.
करिता, मेहुणा.

दिनांक : आजचा. सकाळी, कार्यालय उघडण्यापूर्वी.

सोबत :
१) माझ्या निगेटिव्ह अहवालाची प्रत.
२) मुलीचा कागद, लाल रेघेसह. सहीची जागा मोकळी आहे.
३) मुलगी. आपल्या दाराबाहेरच्या बाकावर, आईच्या मांडीवर.