बुडवलेला बाळकृष्ण

सोमवार, आश्विन, १९५४. दिवेलागण.

जाऊबाईंची कुसुम आज सकाळी गेली. हिवताप. आणि देव अजून पाण्यातच आहे.

ताप चढला तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्यातला पितळेचा बाळकृष्ण गंजात, त्या खोल पातेल्यात, बुडवला. "राहू दे बुडून त्याले! पोरगी उठून बसली तरच काढीन." पाणी मीच ओतलं. आता सुतक लागलं, देवाला शिवायचं नाही. म्हणजे सुतक फिटेपर्यंत तो तसाच बुडालेला?

"काऊन नाही वाचवलं त्यानं?" सासूबाई दिवसभर म्हणून राहिल्या. मलाही संताप येतो. सगळं त्याच्या हातात असेल, तर त्यानेच मारली म्हणायचं. आणि हातात नसेलच तर? जाऊबाई उशाशी बसून पोरीला नुसत्या हाका मारत होत्या. त्यापलीकडे काय करणार होत्या? तोही तसाच, नुसत्या हाका मारणारा असेल का? मग आम्ही बुडवलं कोणाला? पण असा देव काय कामाचा?

हे लिहीत होते, तोच जाऊबाई उठल्या. गंजात हात घालून त्याला बाहेर काढलं. सासूबाई ओरडल्या, "अवं, सुतक हाय!" त्यांनी ऐकलंच नाही. कुसुमच्या झग्याने त्याला पुसता पुसता मला म्हणाल्या,

"याच्यानंही नाही झालं व."